अकरावी अट

आमच्या वाडीची पश्चिमेकडील हद्द नेमकी कोठे संपते, हे माझ्या वडिलांना कधीच सांगता आले नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र स्पष्ट लिहिलेले होते. पूर्वेला रस्ता, उत्तरेला बावखल, दक्षिणेला शेजाऱ्यांची केळीची बाग. पश्चिमेला मात्र खाडी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी शेवटच्या माडाच्या बुंध्याला लागे आणि ओहोटीला शंभर पावले मागे सरून तिवरांच्या मुळांतील चिखल उघडा टाकी. "पश्चिमेची हद्द भरतीला विचारावी," असे वडील हसून म्हणत. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे चाळीस वर्षांनी, एका सरकारी कागदाने शिकवला.

वाडीच्या दक्षिण कडेने, कुंपणालगत, एक पायवाट खाडीपर्यंत जात असे. रस्त्यापलीकडच्या आळीतील मासेमारी करणारी कुटुंबे त्या वाटेने आपल्या होड्यांकडे जात. ओहोटीची वेळ साधून बायका टोपल्या घेऊन येत आणि चिंबोऱ्या, निवट्या, कालवे घेऊन परतत. जाता येता त्या आईला हाक मारीत. कधी मूठभर कोलंबी ओट्यावर ठेवून जात. त्यांनी कधी परवानगी मागितली नाही, आणि वडिलांनीही ती कधी दिली नाही. देण्यासारखे काही आपल्या हाती आहे, असे त्यांना वाटतच नसावे.

वडील गेले, पाठोपाठ आई गेली. मंगलोरी कौलांचे जुने घर एका पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीसह खचले. आम्ही तीन भावंडे: थोरले दादा, मी आणि धाकटा. तिघांनी मिळून त्याच जागी नवे घर बांधावे असे ठरले. मी शाळेतून निवृत्त झाले होते, म्हणून अर्ज, नकाशे, उतारे, दाखले ही कामे माझ्याकडे आली. ज्या कार्यालयाशी आमचा संबंध आला त्याचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. तेथील माणसे वाईट नव्हती. आम्हीही फार शहाणे होतो असे नाही.

कित्येक महिन्यांनी परवानगीपत्र आले. घरात आनंद झाला, आणि तो दुसऱ्या पानापर्यंत टिकला. दुसऱ्या पानावर अकरा अटी होत्या. घर खाडीपासून ठरावीक अंतर सोडून मागे घ्यावे. तिवरांना हात लावू नये. भरणी करून जमिनीची पातळी वाढवू नये. भरतीचे पाणी ज्या चरांतून आत येते ते चर बुजवू नयेत. सांडपाणी खाडीत सोडू नये. अशा दहा अटी झाल्यावर अकरावी होती. वाडीच्या दक्षिण हद्दीलगत रस्त्यापासून पाण्यापर्यंत सहा मीटर रुंदीची पट्टी, भविष्यातील धक्क्याच्या रस्त्यासाठी, नोंदणीकृत दस्ताने कार्यालयाच्या नावे विनामूल्य करून द्यावी. तोवर कामाला आरंभ करू नये.

या धक्क्याची चर्चा गावात आधीपासून होती. २०१६ साली संसदेने केलेल्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झाले. वसईची खाडी आणि उल्हास नदी यांतून जाणारा कल्याण–ठाणे–मुंबई हा मार्ग त्या यादीत त्रेपन्नाव्या क्रमांकावर आहे. ज्या खाड्यांना आपण मासळीच्या आणि होड्यांच्या म्हणून ओळखत होतो त्या एकाएकी नकाशावर प्रवासी वाहतुकीच्या वाटा झाल्या. अशा पाण्याकाठी ज्यांची जमीन आहे, त्यांच्याकडे सरकारचे लक्ष जाणे ओघानेच आले.

दादा संतापले. "ही नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आहे," ते म्हणाले. "राजाला मळा हवा होता, कारण तो त्याच्या वाड्याशेजारी होता. निदान त्या राजाने आधी किंमत तरी विचारली होती!" धाकटा म्हणाला, "पट्टी देऊन टाकू आणि घर बांधू. भांडणात आयुष्य जाईल." मी दोघांच्या मध्ये बसले होते. खरे सांगायचे तर माझा कल धाकट्याकडे होता. एका कागदावर सही केली की सुटका होते, हा मोह मोठा असतो.

धाकट्याची मुलगी त्या वेळी अमेरिकेत कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन नुकतीच परतली होती. तिने परवानगीपत्र दोनदा वाचले आणि विचारले, "आत्या, हा कागद हाती येऊन किती दिवस झाले?" मी म्हणाले, बारा. "मग अठ्ठावीस उरले." महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ याच्या कलम ४७ प्रमाणे, परवानगी नाकारली गेली किंवा मान्य नसलेल्या अटींसह मिळाली तर अर्जदाराला ४० दिवसांच्या आत शासनाकडे अपील करता येते, हे मला तेव्हा प्रथम कळले. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवूनही!

त्या रात्री जेवणानंतर तिने आम्हां तिघांना जे सांगितले ते मला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडले. म्हणून ते थोडे विस्ताराने लिहिते.

तिने आरंभ केला तो रोमपासून. सम्राट जस्टिनियनच्या काळी, इसवी सन ५३३ मध्ये, कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जो ग्रंथ सिद्ध झाला त्यात नदीकाठाचा प्रश्न आला आहे. काठाची मालकी लगतच्या जमीनमालकाची. तथापि काठाचा वापर नदीप्रमाणेच सर्वांचा. नावाड्याने तेथे नाव लावावी, झाडाला दोर बांधावा, माल उतरवावा. मालकाने अडवू नये. मालकी एकाची आणि वापर सर्वांचा, या दोन गोष्टी एकाच मातीवर कशा नांदतात, हाच पुढील पंधराशे वर्षांचा वाद आहे, असे ती म्हणाली.

अमेरिकेत या वादाचे अनेक खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हवाई बेटांतील ओआहू बेटावर कुआपा नावाचे सुमारे ५२३ एकरांचे एक तळे होते. तेथील परंपरेने ते खासगी मालकीचे मत्स्यतळे होते. भाडेपट्ट्याने ते घेणाऱ्या कंपनीने गाळ काढून, कालवा खणून, ते समुद्राला जोडले आणि तेथे नौकांसाठी बंदर केले. जलवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या विभागाने म्हटले, आता यात समुद्रातून नौका येऊ शकतात, म्हणजे हे वाहतुकीचे पाणी झाले. तेव्हा सर्वांना आत येऊ द्या. १९७९ साली न्यायालयाने निर्णय दिला की वाहतुकीचे नियमन करण्याचा सरकारला अधिकार आहे. परंतु खासगी तळे सर्वांना खुले करावयाचे असेल तर त्याचा मोबदला दिला पाहिजे.

दुसरा खटला १९८७चा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नोलन नावाच्या कुटुंबाला मोडकळीस आलेले लहान घर पाडून तीन शयनगृहांचे घर बांधावयाचे होते. किनारा आयोगाने परवानगी दिली. पण घराच्या संरक्षक भिंतीपासून भरतीरेषेपर्यंतची पट्टी लोकांना ये-जा करण्यासाठी खुली ठेवावी, अशी अट घातली. कारण काय, तर मोठ्या घरामुळे रस्त्यावरून समुद्र दिसणार नाही. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अट रद्द केली. समुद्र दिसत नाही ही तक्रार असेल तर घराची उंची कमी करा, समुद्र पाहता येईल अशी जागा मागा. रस्त्यावरून पाहणाऱ्याची अडचण आणि वाळूवरून चालणाऱ्याची वाट यांचा संबंध काय? परवानगीची निकड ओळखून जमीन काढून घेणे, याला न्यायालयाने खंडणीच्या जवळपासचे नाव दिले.

तिसरा खटला १९९४चा, ओरेगॉन राज्यातील. तेथे फॅनो नावाच्या ओढ्याकाठी डोलन नावाच्या बाईंचे नळाच्या व विजेच्या सामानाचे दुकान होते. दुकान वाढवावयाचे तर पूरक्षेत्रातील जमीन आणि शिवाय पादचारी व सायकलींच्या वाटेसाठी १५ फुटांची पट्टी द्या, असे नगरपालिका म्हणाली. येथे संबंध होता. दुकान वाढले की फरसबंदी वाढते, पाणी मुरत नाही, रहदारीही वाढते. तरीही न्यायालयाने आणखी एक प्रश्न विचारला: जितके नुकसान होणार, त्या मानानेच मागणी आहे काय? आणि हे दाखवण्याचे काम दुकानदाराचे नव्हे, नगरपालिकेचे आहे. पुढे २०१३ साली फ्लोरिडातील एका खटल्यात न्यायालयाने हीच कसोटी जमिनीऐवजी पैसे मागणाऱ्या अटींनाही लावली.

"आपल्याकडे हे निकाल बंधनकारक नाहीत," पुतणीला अडवून दादा म्हणाले.

"नाहीत," ती म्हणाली, "पण प्रश्न चांगले आहेत. आणि आपल्याकडे त्यांच्याही आधीचा एक प्रश्न आहे: ही अट घालण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला?" १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला, पण कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, हे अनुच्छेद ३००अ मध्ये राहिले. १९९५च्या निकालसंग्रहात छापलेला पंडित चेतराम वशिष्ठ यांचा खटला तिने आम्हांस वाचून दाखवला. दिल्लीत वसाहतीचा आराखडा मंजूर करताना उद्यान व शाळेसाठी राखलेली मोकळी जागा महापालिकेच्या नावे विनामूल्य करून द्यावी, अशी अट होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, लोकहितासाठी अशा जागेची व्यवस्था पाहणे वेगळे आणि तिची मालकी फुकट मागणे वेगळे. दुसऱ्यासाठी कायद्याचा आधार हवा, आणि तो तेथे नव्हता. जेथे कायदा तसा अधिकार देतो तेथे निकाल वेगळा लागू शकतो, हेही तिने बजावले.

दादांचा चेहरा उजळला. "म्हणजे अकराही अटींना आव्हान द्यायचे!"

येथे आमच्या घरातला खरा वाद सुरू झाला.

पुतणीने पेन्सिल घेतली आणि एकेका अटीपुढे तो प्रश्न लिहिला: आपल्या घरामुळे होणाऱ्या कोणत्या नुकसानीला ही अट उत्तर देते? सांडपाण्याच्या अटीला उत्तर होते. सांडपाणी आमचेच होते. भरणीच्या अटीला होते. आम्ही भर घातली असती तर उधाणाचे पाणी शेजाऱ्यांच्या केळीत शिरले असते. चरांच्या अटीला होते. तिवरांच्या अटीपाशी दादा अडले. "ही झाडे आपल्या हद्दीत वाढलेली. वडिलांनी सरपणाला फांद्या तोडल्या आहेत." तेव्हा धाकट्याने २६ जुलै २००५ची आठवण काढली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमच्याकडे बावखल आणि खाडी एक झाली होती, आणि तरीही पाण्याचा जोर अंगणापर्यंत आला तो मंदावून. मध्ये तिवरे होती. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग होय, असा निर्णय दिला. तो वाचण्याआधीच आमच्या ओट्याने तो अनुभवला होता.

राहता राहिली अंतराची अट. समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणाची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. २०११च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते अंतर धरले होते. २०१९च्या अधिसूचनेने १०० ऐवजी ५० मीटर केले. अंतर कितीही असो, आमच्या वाडीचा मोठा भाग त्यात जात होता आणि दादांना ते सहन होत नव्हते. "विकत घेत नाहीत, आणि वापरूही देत नाहीत," ते म्हणाले. या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. पण पुतणीने केरळातील मरडूची हकिकत सांगितली. वेंबनाडच्या पाण्याकाठी ग्रामपंचायतीच्या परवान्यावर चार टोलेजंग संकुले उभी राहिली. किनारा नियमांचा भंग झाल्यामुळे मे २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२०मध्ये ती स्फोटकांनी जमीनदोस्त झाली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे घरे घेतली होती त्यांचा दोष काय? कोणीतरी वरच्या पायरीवर अटीकडे डोळेझाक केली, एवढेच. आणि कुलू-मनाली मार्गावरील बियास नदीच्या काठी एका हॉटेलसाठी नदीचा प्रवाह वळवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा १९९६ साली आपल्याच न्यायालयाने सांगितले की नद्या, किनारे, हवा ही सरकारचीदेखील खासगी मालमत्ता नव्हे. सरकार केवळ विश्वस्त आहे.

"तू वकील माझी की सरकारची?" दादांनी विचारले.

ती म्हणाली, "काका, दहा न्याय्य अटींबरोबर अकरावी अन्याय्य अट मांडली, तर ऐकणाऱ्याला आपण सगळ्याच अटींना कंटाळलेले वाटू."

दहा अटींपुढील प्रश्न खोडले गेले. अकरावीपुढचा राहिला. आमच्या एका कुटुंबाच्या घरामुळे खाडीवर जाणाऱ्या प्रवाशांत एकाचीही भर पडणार नव्हती. धक्का व्हावा, रस्ता व्हावा. पण तो सर्व जनतेसाठी होणार असेल तर त्याची किंमत घर बांधू पाहणाऱ्या एकाच कुटुंबाने का द्यावी? आराखड्यात आरक्षण घालून, मोबदला किंवा त्याऐवजी बांधकामाचे वाढीव हक्क देऊन जमीन घेण्याची वाट त्याच अधिनियमात आहे. आम्ही एवढेच लिहिले. अपील चार पानांचे झाले. अडतिसाव्या दिवशी ते दाखल केले.

सुनावणी व्हायला वर्ष लागले. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकले आणि कार्यालयाच्या प्रतिनिधीला विचारले, ही पट्टी कोणत्या तरतुदीखाली मागितली? उत्तर आले, अशी पद्धत आहे. पुन्हा विचारले, तरतूद? उत्तर तेच आले. काही आठवड्यांनी आदेश मिळाला. दहा अटी कायम. अकरावी वगळण्यात येत आहे. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले गेले. आईवडिलांच्या नावे मी एक मिस्सा अर्पण करवली. न्याय मिळतो, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटले.

हा लेख येथे संपता, तर तो लिहिण्याची मला गरज वाटली नसती.

घर बांधून झाले. पाठोपाठ दादांनी दक्षिण हद्दीवर चिऱ्याची भिंत घातली, रस्त्याच्या बाजूला लोखंडी दार बसवले आणि दाराला कुलूप लावले. आदेशात सिद्धच झाले होते ना, की या पट्टीवर कोणाचा अधिकार नाही! मी काही बोलले नाही. आम्ही एकत्र लढलो होतो. जिंकल्यानंतर लगेच भावाशी वाद नको, असे मनाशी म्हटले. ही माझी पळवाट होती, हे आज कळते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी सकाळी अंगणात होते. आळीतील एक वृद्ध बाई टोपली घेऊन दारापाशी आल्या. आई त्यांच्या हातची कालवे घेत असे. मी लहान असताना त्यांनी मला चिंबोरी कशी धरावी हे शिकवले होते. त्यांनी कुलूप पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी किल्ली शोधत असल्याचे सोंग केले. किल्ली दादांकडे असते हे मला ठाऊक होते. "असू दे बाय," त्या म्हणाल्या, "पाणी थांबायचं नाही. मी बंदराकडनं जाते." बंदराकडून म्हणजे दीड मैलाचा वळसा. त्या वळून चालू लागल्या. त्यांनी तक्रार केली नाही, दोष दिला नाही. बहुधा म्हणूनच मला ती सकाळ विसरता येत नाही.

त्या दुपारी मी अपिलाचे बाड काढून पुन्हा वाचले. पुतणीने समासात पेन्सिलीने लिहिले होते: "सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम १८, स्थानिक रूढीने मिळालेला हक्क. पायवाट? आत्याशी बोलावे." घाईत ते बोलणे राहूनच गेले होते. मी तिला विचारले. ती म्हणाली, "आपण जिंकलो ते कार्यालयाविरुद्ध. कार्यालयाला पट्टी फुकट घेता येत नाही, एवढेच ठरले. पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने चालणाऱ्यांबद्दल आदेशात एक शब्दही नाही. ते तेथे पक्षकारच नव्हते." रूढीचा हक्क ते न्यायालयात सिद्ध करू शकतील की नाही, हे ती छातीठोक सांगेना. पण तिच्या बोलण्यातून माझ्या लक्षात आले की आम्ही सरकारला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. ही भिंत कोणत्या नुकसानीला उत्तर देते? त्या बायकांच्या येण्याजाण्याने आमचे काय बिघडत होते?

लेवीयांच्या पुस्तकात शेताच्या कडेबद्दल आज्ञा आहे, ती आपण सर्वांनी ऐकली आहे. कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत. त्या गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडाव्यात. शेत मालकाचेच राहते. कोणी त्याला शेत दान कर म्हणत नाही. केवळ कडेवर हात आवरायला सांगितले आहे. वडिलांनी हे वाचून केले की नुसतेच केले, मला माहीत नाही.

मी दादांशी बोलले. ते रागावले नाहीत. त्यांना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी मोकळेपणी सांगितली. "आज पायवाट म्हणून सोडू. उद्या कोणीतरी मोजणी करील, परवा 'वहिवाटीचा रस्ता' म्हणून नोंद होईल आणि तेरवा त्याच सहा मीटरवर डांबर पडेल. ज्यासाठी भांडलो तेच हातचे जाईल." या भीतीला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एकदा अन्याय्य मागणी झाली की माणूस न्याय्य मागणीलाही दार लावून घेतो; अकराव्या अटीने आमचे जे खरे नुकसान केले ते हे. तिने पट्टी घेतली नाही, पण सहज दिले जात होते ते देणे अवघड करून ठेवले.

पुतणीने तोडगा सुचवला. चार फूट रुंदीची, पायी जाण्यापुरती वाट, आळीतील कुटुंबांसाठी, वाहन नाही, बांधकाम नाही, कोणत्याही कार्यालयाला हस्तांतर नाही, असा कागद आम्ही तिघांनी करून तो आळीतील वडीलधाऱ्यांना द्यावा. म्हणजे आम्ही काय सोडले आणि काय सोडले नाही, हे पुढच्या पिढीलाही कळेल. धाकट्याने सही केली, मी केली. दादांनी कागद कपाटात ठेवला.

पावसाळा आला. जूनच्या एका पहाटे जोराचा वारा सुटला आणि आळीतील पुरुष होड्या ओढून घ्यायला धावत आल्याचे आवाज मला झोपेतच ऐकू आले. उठून पाहते तो लोखंडी दार उघडे होते आणि माणसे भिंतीलगतच्या वाटेने खाडीकडे चालली होती. दादा छत्री घेऊन दारापाशी उभे होते. सकाळी कपाटातील कागद जेवणाच्या मेजावर होता. त्यावर तिसरी सही होती. त्याविषयी ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

दार अजून आहे. त्याला कडी आहे, कारण गुरे आत येतात. कुलूप नाही. कालवे विकणाऱ्या त्या बाई आता थकल्या आहेत. त्यांची सून येते.

पाण्याकाठी ज्यांच्या वाड्या आहेत अशा आपल्या अनेक कुटुंबांच्या हाती येत्या काळात असे कागद येतील. त्यांना माझे सांगणे थोडेच आहे. दुसरे पान वाचल्याशिवाय सही करू नका. दिवस मोजा, ४० दिवस लवकर सरतात. प्रत्येक अटीपुढे तो प्रश्न लिहा, आणि जिला उत्तर आहे ती अट निमूटपणे पाळा, ती कितीही जड वाटली तरी. जिला उत्तर नाही तिच्याविरुद्ध न घाबरता उभे राहा. आणि जिंकलात, तर घरी परतल्यावर तोच प्रश्न आपल्या कुंपणालाही विचारा.